अब्लेशन करून घरी आलात, आता पुढचे तीन महिने कसे काढायचे

हॉस्पिटलवाले डिस्चार्जच्या वेळी जे सांगतात ते दोन मिनिटांत सांगतात आणि त्या वेळी आपलं लक्ष बिलाकडे असतं, त्यामुळे घरी आल्यावर रात्री अकरा वाजता छातीत काहीतरी फडफडतं आणि कोणाला विचारायचं तेच कळत नाही. म्हणून हे लिहितोय. अब्लेशन म्हणजे जांघेतल्या शिरेतून बारीक नळी (कॅथेटर) हृदयापर्यंत नेऊन, धडधड जिथून सुरू होते ती जागा डागून बंद करणं. माझं एएफचं म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचं (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके वेडेवाकडे पडतात ते) अब्लेशन झालंय आणि माझ्या मामेबहिणीचं एसव्हीटीचं (ठोके नियमित पण अचानक खूप वेगाने पडतात ते), तिची रिकव्हरी आणि माझी रिकव्हरी यात जमीन अस्मानाचा फरक होता. ती आठवड्याभरात ठाण्याहून लोकलने ऑफिसला जायला लागली आणि मी दीड महिना दर दोन दिवसांनी नाडी मोजत बसलेलो. डॉक्टरने तुमच्यासाठी काही वेगळं सांगितलं असेल तर ते खरं, माझं नाही.

तर पहिलं काम, डिस्चार्ज समरी उघडा आणि नक्की कसलं अब्लेशन झालंय ते वाचा. एव्हीएनआरटी, एव्हीआरटी, डब्ल्यूपीडब्ल्यू असं, म्हणजे एसव्हीटीचा एखादा प्रकार लिहिला असेल तर एखाद दुसऱ्या ठिकाणी जाळलेलं असतं, यश साधारण पंचाण्णव टक्के, बऱ्याच जणांना रक्त पातळ करायची गोळीही नसते किंवा थोडेच दिवस असते, आणि खालचं बरचसं तुमच्या कामाचं नाही, जांघेचं तेवढं वाचा. एएफ असेल तर गोष्ट वेगळी. १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्डो शहरातल्या हायसागेर आणि त्यांच्या टीमने दाखवून दिलं की एएफची ठिणगी बहुतेक वेळा फुफ्फुसाकडून हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते, तेव्हापासून त्या शिरांच्या भोवती गोल डाग देऊन ती जागा बाकी हृदयापासून तोडायची ही पद्धत आली. म्हणजे उजव्या कप्प्यातून मधल्या पडद्याला भोक पाडून डावीकडे जायचं आणि तिथे गरम करून, गोठवून किंवा आता नवीन पल्स फील्डने, म्हणजे विजेच्या अगदी छोट्या झटक्यांनी, डागायचं. बाहेरून दिसायला जांघेत दोन टोचे, पण आत बरीच मोठी जखम असते, ती सुजते, मग तिचा व्रण होतो आणि त्याला दोन ते तीन महिने जातात. जांघ आठवड्यात बरी होते म्हणून माणसाला वाटतं आपण बरे झालो, इथेच सगळा घोळ होतो.

हॉस्पिटलमधला दिवस

प्रोसिजरनंतर चार ते सहा तास पाय सरळ ठेवून उताणं पडायचं असतं. डोकं उचलून मोबाईल बघायचा नाही, कारण मान उचलली की पोटाचे स्नायू ताणतात आणि जांघेवर जोर येतो. खोकला, शिंक, हसू काहीही आलं तर टोचलेल्या जागेवर तळहाताने घट्ट दाबून धरा, ही सवय पुढे आठवडाभर ठेवा. लघवी भांड्यातच करावी लागते, लाज वाटली तरी करा, रोखून धरू नका.

निघण्यापूर्वी तीन गोष्टी हातात हव्यात. कुठली गोळी किती दिवस आणि कधी बंद करायची ते लिहून, ज्या ईपी डॉक्टरने (हृदयाच्या ठोक्यांचे, लयीचे तज्ज्ञ) केलं त्यांच्या टीमचा रात्री उचलला जाईल असा नंबर, आणि समरीचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये. कॅशलेस असेल तर २०२४ च्या आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियमाप्रमाणे डिस्चार्जची मंजुरी इन्शुरन्स कंपनीने तीन तासांत द्यायची आहे, तरी वेळ जातोच, आणि तो वेळ बिलिंग काउंटरसमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून काढू नका, बेड सोडायला सांगितलं तरी सांगा की फायनल होईपर्यंत मी आडवाच राहणार. घरचं कोणीतरी काउंटरला उभं राहील.

घरी टॅक्सीने जा, मागच्या सीटवर, पाय जरा लांब करून. रिक्षा टाळा, आपले रस्ते आणि रिक्षाचे स्प्रिंग दोन्ही तुमच्या विरोधात आहेत. खड्डा आला की हात जांघेवर. लिफ्ट नसलेली बिल्डिंग असेल तर जिना चढता येतो, घाबरायचं कारण नाही, फक्त दिवसातून एकदाच, चांगला पाय आधी वर टाकून, आणि प्रत्येक मजल्यावर थांबून. दोन्ही जांघांत टोचलं असेल तर अजून सावकाश.

जांघ, पहिला आठवडा

काळंनिळं होणार. माझं तर गुडघ्यापर्यंत उतरलं होतं आणि मग हिरवं पिवळं होत गेलं, बायकोने बघितल्यावर तिचाच चेहरा पांढरा पडला. पण हे चालतं, रक्त पातळ करायची गोळी चालू असते आणि आत झिरपलेलं रक्त खाली खाली उतरतं. वाटाण्याएवढी किंवा सुपारीएवढी टणक गाठ लागते तीही चालते, काही आठवड्यांत विरते. न चालणारी गोष्ट म्हणजे गाठ वाढत जाणं, ती धडधडताना हाताला जाणवणं, पाय थंड किंवा बधीर पडणं, टोचलेली जागा लाल गरम होऊन पू येणं. वाढतेय का ते कळायला सोपा उपाय, बॉलपेनने गाठीच्या कडेने रेघ मारून ठेवा, संध्याकाळी रेघेच्या बाहेर गेली असेल तर फोन करा.

रक्त आलंच तर लगेच आडवं व्हायचं आणि घरातल्या कोणीतरी त्या जागेवर बोटांनी दहा मिनिटं घड्याळ लावून दाबायचं, मध्ये मध्ये उचलून बघायचं नाही. थांबलं तर डॉक्टरला कळवा आणि पडून रहा. नाही थांबलं किंवा धार लागली तर दाबलेलं तसंच ठेवून १०८ लावा, टॅक्सी शोधायला खाली उतरू नका.

आता आपल्या घरातल्या गोष्टी, ज्या कुठल्याच छापील कागदावर नसतात. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर आठवडाभर कमोडची सोय करा, मेडिकल स्टोअरमध्ये भाड्याने कमोड चेअर मिळते, कारण उकिडवं बसणं म्हणजे जांघ पूर्ण दुमडणं. कुंथणं अजिबात नको, रात्री इसबगोल घ्या. मांडी घालून जमिनीवर जेवायला बसू नका, पूजेला पण नाही, देव खुर्चीवरूनही दिसतात. पाच किलोच्या वरचं काही उचलायचं नाही, आणि पाच किलो म्हणजे किती ते लोकांना कळत नाही, पाण्याची भरलेली मोठी बादली पंधरा वीस किलोची असते, भरलेला गॅस सिलेंडर तर तीसच्या आसपास, आणि तीन वर्षांचा नातू धावत येऊन अंगावर उडी मारतो तो पण बारा तेरा किलोचा. सकाळी पाणी भरायची जबाबदारी तुमची असेल तर ती आधीच कोणावर तरी ढकलून ठेवा.

आंघोळ दुसऱ्या दिवसापासून, स्टुलावर बसून मग्ग्याने किंवा शॉवरखाली, जागा चोळायची नाही, टिपून कोरडी करायची, पावडर मलम हळद काही लावायचं नाही. टबात बसणं, पोहणं आठवडाभर तरी बंद. पावसाळ्यात प्रोसिजर झाली असेल तर साचलेल्या पाण्यातून चालायचं नाही म्हणजे नाही, हिंदमाताला किंवा तुमच्या स्टेशनबाहेर गुडघाभर पाणी असेल त्या दिवशी घरी बसा. टोचलेली जागा ताजी आहे आणि लेप्टो, म्हणजे साचलेल्या घाण पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप, काही मुंबईत नवीन नाही.

गाडी चालवायला बहुतेक डॉक्टर दोन दिवस ते एक आठवडा थांबायला सांगतात, आधी चक्कर येऊन पडण्याचा प्रकार झाला असेल तर जास्त, तुम्ही टॅक्सी बस चालवून पोट भरत असाल तर लेखी परवानगी घ्या. किक मारून चालू होणारी स्कूटर आठवडाभर तशीच उभी राहू द्या. लोकलचं म्हणाल तर बसायचं असं काम असेल तर आठवड्याने ऑफिस जमतं, पण दादरच्या ब्रिजवर सकाळी साडेनऊला जी ढकलाढकली होते तिच्यात पहिले दोन आठवडे तरी पडू नका. साहेबाला सांगून अकराला जा, स्लो पकडा. गाडी हलायला लागल्यावर धावत चढणं वगैरे तर कधीच नको, पण आत्ता विशेष नको.

छाती आणि थकवा

दीर्घ श्वास घेतला की किंवा उताणं झोपलं की छातीत टोचतं आणि पुढे वाकून बसलं की बरं वाटतं, हे हृदयाच्या आवरणाला आलेल्या सुजेचं दुखणं, दोन चार दिवस राहतं. पॅरासिटामोल घ्या. कॉम्बिफ्लाम घेऊ नका, त्यात आयब्युप्रोफेन असतं आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत ते घेतलं की पोटातून रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. तसंच कोपऱ्यावरचे फॅमिली डॉक्टर प्रेमाने एक सुई देतो म्हणतात ती बऱ्याचदा डायक्लोफेनॅकची, म्हणजे त्याच जातीच्या औषधाची असते, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे त्यांना आधीच सांगून ठेवा. दुखणं वाढत चाललं, दम लागला, डोळ्यासमोर अंधारी आली तर मात्र हे साधं दुखणं नाही, हृदयाभोवती रक्त साठत असू शकतं, सरळ इमर्जन्सी.

घसा दुखतो तो प्रोसिजरच्या वेळी घशात घातलेल्या नळीमुळे, दोन दिवसांत जातो. वजनाचं मात्र कोणी सांगत नाही. गरम करून अब्लेशन करताना कॅथेटरच्या टोकातून सलाईन सोडत असतात, ते लिटर दीड लिटर अंगात जातं, म्हणून रोज सकाळी वजन करा. दोन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले, आडवं झाल्यावर दम लागतोय असं झालं तर फोन करा, बहुतेक वेळा लघवी जास्त व्हायची गोळी दोन दिवस देतात आणि काम होतं. थकवा मात्र राहतो. मला दुपारी दोननंतर बसल्या जागी झोप यायची, महिनाभर. वय साठच्या पुढे असेल तर अजून जास्त दिवस धरा.

धडधड परत आली, म्हणजे पैसे वाया गेले का

नाही. हा भाग नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त रडारड इथेच होते. डागलेली जागा सुजलेली असते आणि सुजलेलं हृदय चिडचिड करतं, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत ठोके चुकणं, फडफड, अगदी पूर्ण एएफ तासभर येऊन जाणं हे सगळं होतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं पुढे छान चालतं. या काळातल्या धडधडीला डॉक्टर निकालात धरतच नाहीत, त्याला ब्लँकिंग पिरियड म्हणतात, आधी तो तीन महिन्यांचा मानायचे, २०२४ मध्ये जगभरच्या ईपी संघटनांनी मिळून जे एकमत काढलं त्यात तो आठ आठवड्यांवर आणलाय.

दुसरं, आरामात बसलेलं असताना नाडी आधीपेक्षा दहा ते वीसने जास्त लागते. आधी ६२ असायची ती आता ८०, असं माझं झालं. त्या शिरांच्या भोवती ज्या नसा हृदयाला ब्रेक लावतात त्याही थोड्या डागल्या जातात, म्हणून ब्रेक सैल. काही महिने राहतं, हळूहळू उतरतं, काहींची थोडी वरच राहते, त्याने नुकसान नाही.

धडधड आली की काय करायचं, तर बसा, पाणी प्या, मनगटावर नाडी पूर्ण एक मिनिट मोजा, नुसती पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका कारण एएफमध्ये ठोके वेडेवाकडे असतात. नियमित आहे की अनियमित ते बघा. वहीत वेळ, आकडा, किती मिनिटं आणि त्या आधी काय करत होतात ते लिहा. ईसीजी काढणारं घड्याळ असेल तर तेव्हाच काढून पीडीएफ ठेवा, नसेल आणि जास्त वेळ टिकली तर जवळच्या दवाखान्यात जाऊन ईसीजी काढा आणि कागदाचा फोटो घ्या, तो कागद पिवळा पडून पुसट होतो. डॉक्टरला शंभर वेळा धडधड होतेय सांगण्यापेक्षा धडधड चालू असतानाची एक पट्टी दाखवणं केव्हाही चांगलं. नाडी १२० च्या वर जाऊन तासन्तास उतरत नसेल तर त्याच दिवशी फोन करा, कधीकधी थोडी गुंगी देऊन शॉकने लय जागेवर आणतात, ते ऐकायला भयंकर वाटतं पण पाच मिनिटांचं काम असतं. चक्कर येऊन पडलात तर फोन नाही, हॉस्पिटल.

आणि घड्याळ दिवसभर बघत बसू नका. माझा एक मित्र जेवताना सुद्धा मनगट वर करून बघायचा, बायकोने घड्याळ कपाटात ठेवल्यावर त्याची धडधड निम्म्यावर आली.

गोळ्या

एएफवाल्यांनी रक्त पातळ करणारी गोळी दोन महिने तरी एकही डोस न चुकवता घ्यायची, लय एकदम छान असली तरी. डागलेला पृष्ठभाग आतून खरखरीत असतो, तिथे गुठळी धरू शकते आणि ती सुटली तर थेट मेंदूत. अपिक्साबान आणि डाबिगाट्रान दोन वेळा असतात, रात्रीचा डोस विसरला जातो, मोबाईलवर अलार्म लावा. रिव्हारोक्साबानची पंधरा किंवा वीसची गोळी भरल्या पोटी घ्यायची, उपवास असेल त्या दिवशी काय करायचं ते आधीच विचारा, संकष्टीला चंद्रोदयापर्यंत थांबून रिकाम्या पोटी गोळी असं नको. एसिट्रॉम किंवा वॉरफरिन असेल तर आयएनआरच्या (रक्त किती पातळ झालंय ते बघायची तपासणी) तारखा पाळा आणि पालेभाजी बंद करू नका, फक्त एका आठवड्यात रोज पालक मेथी आणि पुढच्या आठवड्यात काहीच नाही असं करू नका. डोस चुकला म्हणून पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. दात काढायचा असेल तर पुढे ढकला, आणि जडीबुटीचा काढा, लसणाच्या कॅप्सूल, कोणी आणून दिलेली पुडी, हे सगळं डॉक्टरला दाखवल्याशिवाय नको.

दोन तीन महिन्यांनी गोळी बंद करायची की नाही हे धडधड थांबली का यावर ठरत नाही, ते तुमचं वय, बीपी, शुगर, आधी स्ट्रोक झालाय का यावर ठरतं. त्यामुळे आता बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनाने बंद करणारे जे असतात, आणि आपल्याकडे खूप असतात, त्यांच्यातले होऊ नका. पित्ताची गोळी, बहुतेकदा पॅन ४०, चार सहा आठवडे दिलेली असते ती पित्त नाही म्हणून सोडू नका, ती अन्ननलिकेसाठी आहे, ते पुढे सांगतो.

तिसऱ्या आठवड्यातला ताप

हे पान फाडून फ्रिजला चिकटवा म्हणतात ना, ते हे. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याच्या अगदी मागे अन्ननलिका असते. डागताना तिला धग लागली तर फार क्वचित, हजारात एकालाही नाही इतकं क्वचित, तिथे हळूहळू भोक पडतं आणि अन्ननलिका आणि हृदय एकमेकांत उघडतात. हे लगेच होत नाही, बहुतेक वेळा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, कधी दोन महिन्यांपर्यंत. सुरुवात कशाने होते, तर ताप, थंडी, गिळताना दुखणं, छातीत दुखणं. कधी अचानक हात पाय लुळे, बोलणं अडखळणं, रक्ताची उलटी. तोपर्यंत तुम्ही अब्लेशन विसरलेले असता आणि मुंबईत ताप आला की डेंग्यू मलेरियाची टेस्ट करून अँटिबायोटिक घेऊन तीन दिवस वाट बघतात. वाट बघायची नाही. दोन महिन्यांच्या आत ताप आला तर कोणत्याही डॉक्टरसमोर पहिलं वाक्य, माझं एएफचं अब्लेशन झालंय, अमुक तारखेला. आणि लगेच ईपी टीमला फोन. तपासायला छातीचा सीटी स्कॅन लागतो. गिळताना दुखतंय म्हणून कोणी एंडोस्कोपी करूया म्हणालं तर थांबवा आणि आधी ईपीवाल्यांशी बोलायला लावा, कारण एंडोस्कोपीत हवा भरतात आणि ती हवा भोकातून हृदयात आणि तिथून मेंदूत जाऊ शकते. पल्स फील्डने केलं असेल तर हा धोका खूपच कमी मानतात, तरी ताप लपवू नका. बहुतेक वेळा तो साधा व्हायरलच निघतो, निघू दे की.

म्हणजे बघा, मांडीभर निळा डाग, गाठ, फडफड, ज्याने घर हादरतं ते बहुतेक साधं, आणि शंभर एक ताप नि गिळताना दुखणं, ज्याकडे कोणी बघत नाही, ते सगळ्यात गंभीर असू शकतं.

तोंड वाकडं, हात उचलत नाही, शब्द सापडत नाहीत, हे कधीही झालं तर वेळ बघून ठेवा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या हॉस्पिटललाच जा, हा स्ट्रोक असू शकतो, गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साडेचार तासांचा हिशोब असतो आणि त्यातला एक तास आपला ट्रॅफिक खातो. डोळ्यासमोर वेड्यावाकड्या चमकणाऱ्या रेघा काही जणांना काही दिवस दिसतात, पडद्याला भोक पाडल्यामुळे मायग्रेनसारखं होतं, पण पहिल्यांदा दिसल्या तर स्वतः निदान करू नका, फोन करा. आणि दोन चार महिन्यांनी जिने चढताना नव्याने दम लागायला लागला किंवा खोकल्यातून रक्त आलं तर फुफ्फुसाची शीर अरुंद झालीय का ते बघावं लागतं, तेही सांगाच.

चालणं, वजन, दारू आणि भेटायला येणारे

भेटायला येणारे पहिल्या रविवारी येतात, बसतात दोन तास, आणि प्रत्येकाच्या ओळखीत एक जण असतो ज्याचं परत झालं. दाराशीच सांगा की डॉक्टरने जास्त बोलायचं नाही सांगितलंय. खोटं आहे, पण चालतं.

चालणं दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात, मग गच्चीत, बिल्डिंगखाली, दहा दिवसांनी शिवाजी पार्कला एक चक्कर किंवा तुमच्या इथल्या बागेत. ऑक्टोबरच्या उन्हात नको, पाणी कमी पडलं की धडधड येते. जिम, धावणं, क्रिकेट दोन तीन आठवड्यांनी विचारून.

दारू, सरळ सांगतो, बंद करा. पिणाऱ्या एएफवाल्यांना दारू सोडायला लावल्यावर एएफ परत येणं कमी झालं हे ऑस्ट्रेलियातल्या २०२० च्या अभ्यासात दिसलंय. वजनाचंही तसंच, अॅडलेडमधल्या २०१५ च्या अभ्यासात ज्यांनी दहा टक्के किंवा जास्त वजन उतरवून टिकवलं त्यांची लय चांगली राहण्याची शक्यता कित्येक पट जास्त होती. ऐंशी किलोच्या माणसाला आठ किलो, म्हणजे वडापाव सोडून भागणार नाही, रात्रीचं जेवणच कमी करावं लागतं. चहा चालतो. घोरत असाल तर झोपेची तपासणी करून घ्या, झोपेत श्वास अडकत असेल तर अब्लेशन टिकायला तो एक मोठा अडथळा असतो आणि आपल्याकडे घोरण्याला गाढ झोप समजतात. बीपी रोज लिहा.

तीन महिन्यांच्या व्हिजिटला होल्टर, म्हणजे ठोके सतत नोंदवणारं छोटं यंत्र, लावतील, चोवीस तास किंवा जास्त दिवसांचा. त्या दिवसांत मुद्दाम घरी पडून राहू नका, नेहमीसारखं ऑफिस, जिने, बाजार सगळं करा, नाहीतर रिपोर्ट छान येतो आणि खरं काही कळत नाही. सोबत वही, ईसीजीचे फोटो आणि गोळ्यांच्या पट्ट्या न्या. अधूनमधून येणाऱ्या एएफमध्ये एका अब्लेशनने साधारण सत्तर टक्के लोकांचं भागतं, बाकीच्यांना दुसऱ्यांदा करावं लागू शकतं कारण डागाच्या गोलात कुठेतरी फट राहून जाते, दुसऱ्या वेळी बहुतेक तीच बुजवतात. तेव्हा दुसऱ्यांदा सांगितलं तर भांडू नका, पण मेडिक्लेममध्ये या वर्षी किती रक्कम उरली आहे ते आधी बघून तारीख घ्या.